साउंडची बॅटरी

आमच्या चारकोपच्या विहारात कुणालाही विचारा, दशरथ इंगळेंचा दम कसा आहे. लोक सांगतील, अहो, तो माणूस अख्खं त्रिसरण एका दमात म्हणतो, मध्ये कुठे श्वास घेतला ते कळत पण नाही. लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाची मयत, बौद्धाचार्य म्हणून पहिलं नाव ह्यांचंच निघतं.

दशरथ म्हणजे आमचे हे. मी नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडावर घेत नाही. का घेत नाही ते मला विचारू नका, माझी आई घेत नव्हती म्हणून मी घेत नाही. एकदाच घेतलं, ते डोंगरावर, जिवाच्या आकांताने ओरडून. तीच गोष्ट सांगते.

पण आधी माणूस कळू दे. ह्यांचा जन्म बुलढाण्याकडचा. सासरे पोटासाठी मुंबईला आले, घाटकोपरच्या टेकडीवर पत्र्याची खोली घेतली आणि तिथेच हे वाढले. आयटीआय केलं, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाटल्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यात लागले, आज तिथेच सुपरवायझर आहेत. आठवडाभर कारखान्याचा खडखडाट आणि रविवारी पांढरी पँट, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. इस्त्री मी करते आणि कॉलरला एक घडी राहिली तर पुन्हा करायला लावतात. पाली गाथा सासऱ्यांनी शिकवल्या. सासरे गेले तेव्हा त्यांच्या मयतीला वंदना पण ह्यांनीच घेतली. आम्ही सगळे रडत होतो आणि ह्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला राग आला होता, काय दगड माणूस आहे म्हणून. रात्री बघते तर मोरीत नळ सोडून रडत बसलेले. असा स्वभाव. जे काही दुबळं असेल ते दार लावून करायचं.

घोरणं मात्र दार लावून होत नाही. लग्न झालं तेव्हा शेजारीण सकाळी विचारायची, "कुंदा, रात्रभर पाण्याचा पंप चालू होता काय गं?" आम्ही हसायचो. मी पण हसायचे, बावळट. पुढे ह्यांचं वय वाढलं, पोट सुटलं, आणि ते घोरणं मध्येच तुटायला लागलं. घर्र घर्र चाललेलं असायचं आणि एकदम चिडीचूप. मग गळा दाबल्यासारखा एक आवाज करून श्वास आत जायचा, आणि परत घर्र घर्र. घोरण्याचा मला कधी त्रास झाला नाही. पण त्या मधल्या चिडीचूपची मला भीती वाटायला लागली. झोपेत पण माझा एक कान जागा राहायला लागला.

दिवसा हे कुठेही पेंगायचे. बोरिवलीला एका लग्नात खुर्चीत बसल्या बसल्या, माइक हातात धरून झोपले. नवरा-नवरी हार घेऊन ताटकळलेत आणि लोक आपापसात म्हणतात, आचार्य ध्यानात गेले. मी पुढे जाऊन सरळ चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी हात धरून डॉक्टरकडे नेलं. रात्रभर डोक्याला, छातीला वायरी लावून तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, झोपेत ह्यांचा घसा मिटतो, श्वास थांबतो. तासाला चाळीसेक वेळा.

मी म्हटलं, "थांबतो म्हणजे?"

"म्हणजे थांबतो," डॉक्टर म्हणाले. "मेंदू उठवतो म्हणून परत सुरू होतो. तुमच्या मिस्टरांचं हृदय पण थकलंय आता. एक रात्रसुद्धा मशीनशिवाय झोपायचं नाही."

मग ते मशीन घरी आलं. जेवणाच्या डब्याएवढा खोका, त्याला एक जाड नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. चालू केलं की सूं करून वारा सोडतं आणि त्या वाऱ्याने घसा उघडा राहतो. पहिल्या रात्री हे सकाळपर्यंत झोपले, आणि मी उशीला तोंड लावून रडले. किती वर्षांनी घरात नुसता सूं आवाज होता.

पण ह्यांना त्याची लाज. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "कुंदा, शब्द दे. हे बाहेर कळता कामा नये."

"अहो, आजार आहे, चोरी केली काय आपण?"

"लोक माझ्या दमाची तारीफ करतात गं. तो माणूस रात्री नळीने उसना वारा घेतो हे कळलं तर कोण उभं करेल मला माइकसमोर?"

मी शब्द दिला. दिवसा मशीन कपाटात माझ्या साड्यांच्या मागे. मास्क धुतला की मोरीत, वर टॉवेल टाकून वाळत. कुणी मुक्कामाला यायचं म्हटलं की मी आधीच तापाचं, पाण्याच्या टंचाईचं काहीतरी सांगायचे. आणि आम्ही पण कुठे मुक्कामाला जाईनासे झालो. गावाला नाही, भावाच्या मुलीच्या लग्नाला नाही. मशीन न्यायचं म्हणजे दाखवायचं, आणि दाखवायचं तर नाहीच.

आमच्या विहार मंडळाची दर हिवाळ्यात एक सहल असते. मुरबाडच्या पुढे एक डोंगर आहे, वर जुनी कोरलेली लेणी, समोर मोकळं पठार. तिथे तंबू ठोकायचे, संध्याकाळी वंदना, ध्यान, मग भीमगीतं, आणि सकाळी परत. वर लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. ह्यांनी दरवर्षी काही ना काही कारण सांगून टाळलं. यंदा मंडळाचे अध्यक्ष भाऊराव भर विहारात बोलले. भाऊराव म्हणजे बसचे रिटायर्ड कंडक्टर, आवाज अजून डबल डेकरमधलाच. म्हणाले, "दशरथ आता मोठा माणूस झाला राव. घरच्या गादीशिवाय झोप लागत नाही त्याला. आपल्या लोकांत जमिनीवर कशाला येईल?"

लोक हसले. हे पण हसले. पण घरी जेवताना म्हणाले, "ह्या वेळी जायचं."

मी म्हटलं, "वर लाइट नाही." हे म्हणाले, "बघू काहीतरी."

काहीतरी बघितलं ते आमच्या मुलाने, प्रितमने. तो पवईला कंपनीत असतो, ह्या गोष्टी त्याला कळतात. त्याने कारची एक बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर आणला. घरात मेन स्विच बंद करून एक रात्र त्याच्यावर मशीन चालवून बघितलं. सकाळपर्यंत चाललं, वर थोडी बॅटरी उरली पण. मला म्हणाला, "मम्मी, नीट ऐक. ह्याच्यावर फक्त मशीन. वाऱ्याला ओल देणारं ते पाण्याचं भांडं मशीनला लावायचं नाही, ते करंट खातं. दुसरं काही जोडायचं नाही, एक मोबाइलसुद्धा नाही. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे संपत आली, लाल झाला की बंद."

मला वाटलं, चला, झालं. वाट कुठे लागली माहितेय? विहाराच्या फाटकातच.

शनिवारी सकाळी सामान ट्रॅव्हलरमध्ये चढवत होते. मशीन मी कपड्यांच्या बॅगेत खाली ठेवलेलं, पण बॅटरी कुठे लपवणार? भाऊरावांनी पोत्याचं तोंड उघडून बघितलं. "काय रे दशरथ, गाडीची बॅटरी घेऊन कुठे चाललास?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते.

"साउंडला," हे म्हणाले. "वर लाइट नाही ना. म्हटलं माइक लागेल."

भाऊरावांनी मिठीच मारली. "वा रे माझ्या वाघा! झकास! अरे, आम्ही साउंड घरी ठेवून चाललो होतो!" आणि तिथल्या तिथे विहार उघडून अॅम्प्लिफायर काढला, दोन भोंगे काढले, माइकची पेटी काढली आणि सगळं गाडीत टाकलं. मी हातात थैली घेऊन उभी. हे जवळून जाताना पुटपुटले, "दोन गाणी म्हणतील नि बंद करतील. घाबरू नको."

गाडीत माझ्या शेजारी सोनूबाई मावशी येऊन बसल्या. सोनूबाई अकोल्याकडच्या, विहारात कायम मागच्या खांबाला टेकून बसतात. त्यांचे मालक राजाराम काही वर्षांपूर्वी झोपेतच गेले. तेव्हा सगळे म्हणाले होते, काय मरण आलं बघा, कुणाला त्रास नाही, हॉस्पिटल नाही. मी पण म्हटलं होतं. तशा भल्या आहेत, पण चौकशा फार. गाडी सुरू झाली न झाली तोच माझ्या कानाशी येऊन विचारतात, "काव कुंदा, दशरथ घोरते का वं?"

माझं डोकंच सटकलं. "नाही," मी म्हटलं. "का? तुम्हाला काय करायचंय?"

"नाही वं, असंच. पेंगते ना तो मंधातच. म्हून विचारलं."

"काम करतात, दमतात," मी म्हटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मनात म्हटलं, ह्या म्हातारीला दुसऱ्याच्या अंथरुणात काय बघायचंय!

डोंगराच्या पायथ्याशी गाडी ठेवली आणि सगळे वर चढलो. बॅटरी बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर घेतली. तंबू ठोकताना मी आमचा सगळ्यांच्या लांब, पठाराच्या टोकाला ठोकायला लावला. बायका म्हणाल्या, इतक्या लांब का गं? मी म्हटलं, मला गर्दीत झोप येत नाही. एका थापेच्या मागे दुसरी.

दिवस मावळताना लेण्यासमोर सगळे बसलो. वंदना झाली आणि मग ह्यांनी ध्यान घेतलं. माइकवरून ह्यांचा आवाज सगळ्या दरीत जात होता. "डोळे मिटा. श्वास आत येतोय, बघा. श्वास बाहेर जातोय, बघा. काही करू नका, नुसतं लक्ष ठेवा." सगळे डोळे मिटून बसले. मी एकटी डोळे उघडे ठेवून इन्व्हर्टरचा दिवा बघत होते. मला कसला श्वास बघायला शिकवता? वर्षानुवर्षं तेच करतेय, आणि माझा नाही, तुमचा.

दिवा हिरवा होता.

मग गाणी सुरू झाली. पहिलं भाऊरावांनी म्हटलं, दुसरं बायकांनी. ढोलकी आली. मग कोणीतरी ओरडलं, "दशरथभाऊ! दशरथभाऊ!" आणि हे उठले. काय गायले हो! खोटं कशाला सांगू, मलासुद्धा क्षणभर विसर पडला. एक ओळ उचलली की सोडायचंच नाव नाही, लोक टाळ्या वाजवून वाजवून थकतात आणि ह्यांचा सूर अजून चालूच. इतक्या वर्षांनी आपल्या लोकांत मोकळं बसायला मिळालं होतं, चेहरा बघण्यासारखा झाला होता. एक झालं, दोन झाली, पाच झाली. मी उठून बॅटरीजवळ गेले तर तिथे आणखी एक प्रकार. इन्व्हर्टरला कोणीतरी लांब पट्टी लावलेली आणि तिला ओळीने मोबाइल चार्जिंगला. रेंज नाही, फोन कुणाला लागत नाही, पण फोटो काढून काढून बॅटऱ्या उतरल्या म्हणे! मी एकेक वायर उपटून काढली. एक जण म्हणाली, "अगं वहिनी, माझा अजून झाला नव्हता!" मी म्हटलं, "मग तोंडाने फुंकर घाल त्याला."

दिवा तेवढ्यात पिवळा झाला.

मी भाऊरावांना जाऊन म्हटलं, "बास करा आता, थंडी पडलीय, लोक दमले." ते म्हणाले, "वहिनी, आत्ता तर रंगत आलीय!" मग मी ह्यांना खूण करून लेण्याच्या आडोशाला बोलावलं.

"पिवळा झालाय," मी म्हटलं. "सांगा त्यांना आता."

"काय सांगू?"

"जे आहे ते. की ही बॅटरी माझ्या श्वासाची आहे."

"हळू बोल." इकडेतिकडे बघितलं ह्यांनी. "सकाळी मीच म्हटलं ना साउंडला आणलीय? आता माइक काढून घेऊ हातातून? एवढं एक गाणं होऊ दे, मग मी बंद करतो."

"तुम्हाला जीव प्यारा आहे की नाही?"

"तू पण ना, कुंदा. एका रात्रीने काय होतंय." आणि हे परत उजेडात गेले.

एकाची तीन गाणी झाल्यावर थांबले. मी वाट न बघता स्वतः वायर काढली आणि बॅटरी पोत्यात घालून तंबूकडे ओढत नेली. जड होती, पण कुणाला हात लावू दिला नाही.

तंबूची चेन आतून लावली, मशीन काढलं, जोडलं. सूं आवाज आला. ह्यांनी मास्क लावला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे बघ, चालतंय ना. आणि पाठ टेकताच झोपले. मी अंगाभोवती शाल घेऊन त्या पिवळ्या दिव्यासमोर बसले. आम्ही कुणाला नवस बोलत नाही. पण त्या दिव्याला मी मनातल्या मनात म्हणत होते, अरे, एवढी रात्र काढ. फक्त उजाडेपर्यंत.

तो लाल झाला. टीं टीं वाजायला लागला, आणि मग टक् करून सगळंच बंद. सूं पण बंद.

इतकी शांतता मी मुंबईत कधी ऐकली नव्हती. बाहेर वारासुद्धा नव्हता. मी मोबाइलचा उजेड केला, मास्क ओढून काढला आणि ह्यांना हलवलं. "अहो, उठा. बॅटरी गेली. उठून बसा, बसून रात्र काढू."

"हं," म्हणाले. "कुशीवर झोपतो. कुशीवर नाही होत."

"होतं! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"झोप गं बाई," म्हणाले आणि झोपले पण. दिवसभर चढ चढलेला, चार तास गायलेला माणूस, त्याला कोण उठवणार? मी चादरीची वळकटी करून पाठीशी लावली, एका कुशीवर धरून ठेवलं. घर्र घर्र सुरू झालं. मला बरं वाटलं. घोरतोय म्हणजे श्वास चाललाय.

मग तुटलं.

मी खांद्याला धक्का दिला. श्वास आला. परत घर्र, परत तुटलं, परत धक्का. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. माझे हात भरून आले. डोळे मिटायला लागले की मी स्वतःला चिमटे काढत होते. सारखं वाटत होतं, बाहेर जाऊन हाक मारावी. पन्नास पावलांवर आपली माणसं झोपलीत. पण शब्द दिलेला. उद्या हे म्हणतील, कुंदा, तू माझं नाक कापलंस. असल्या विचारात मी बसले, हो! माणूस समोर गुदमरतोय आणि मी त्याच्या नाकाची काळजी करतेय.

वळकटी सरकली आणि हे उताणे झाले. घोरणं थांबलं. मी धक्का दिला. काही नाही. परत दिला, जोरात. काही नाही. मोबाइलचा उजेड तोंडावर धरला तर ओठ जांभळट दिसत होते. छाती हलत होती, पण आत काही जात नव्हतं, नुसती ओढाताण. मग ती पण थांबली.

"अहो," मी म्हटलं. "अहो. अहो!"

अहो म्हणून कुणी उठतं काय?

मी छातीवर बसले आणि दोन्ही हातांनी थोबाडीत द्यायला लागले. "दशरथ! ए दशरथ! उठ! श्वास घे रे! दशरथ!" माझा आवाज समोरच्या लेण्यावर आपटून परत येत होता. "अरे कुणीतरी या! माझा माणूस श्वास घेत नाही! या रे!"

आणि तो घशातला आवाज आला. विहिरीतून वर आल्यासारखा श्वास घेतला ह्यांनी, खोकले, उठून बसले. माझा हात धरला. घामाने निथळत होते. आणि डोळे पुरते उघडले नव्हते तोवर पहिला शब्द काय काढावा माणसाने?

"हळू बोल. लोक ऐकतील."

लोक आलेच होते. तंबूभोवती टॉर्चचे उजेड नाचत होते, भाऊराव चेन ओढत होते. ह्यांनी मास्क पटकन चादरीखाली सारला. ते बघितलं आणि माझ्या आतलं काय होतं नव्हतं ते सगळं उसळलं. मी चादर उचलली, मास्क घेतला, नळी घेतली, ते मशीन घेतलं आणि तंबूबाहेर सगळ्यांच्या उजेडात धरलं.

"हे बघा," मी म्हटलं. "झोपेत ह्यांचा श्वास थांबतो. हे लावल्याशिवाय ह्यांनी झोपायचं नाही. ती बॅटरी ह्याची होती. साउंडची नव्हती. लाज वाटली म्हणून खोटं बोलले, आणि मी पण बोलले, वर्षानुवर्षं बोलतेय. आता कुणाला हसायचं असेल तर हसून घ्या."

कुणी हसलं नाही. हे आत मान खाली घालून बसलेले. भाऊराव खाली वाकून मशीन बघत राहिले, आणि मग त्यांचा तो डबल डेकरचा आवाज इतका बारीक झाला की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "दशरथ," ते म्हणाले, "तुझ्या श्वासावर गाणी वाजवली रे आम्ही. एक शब्द तरी बोलायचास."

"कसा बोलणार, भाऊ," हे म्हणाले. "तुम्ही म्हणता, दशरथचा दम."

भाऊराव उभे राहिले. ड्रायव्हरला म्हणाले, "खाली गाडीची बॅटरी आहे ना? चल." ड्रायव्हर म्हणाला, अंधार आहे, वाट घसरडी आहे, जनावर असतं. "जनावर येऊ दे," भाऊराव म्हणाले, "त्याला पण सांगू काय झालंय ते." चौघे जण बांबू घेऊन निघाले. त्यांचे उजेड डोंगर उतरताना खूप वेळ दिसत होते, मग दिसेनासे झाले.

येईपर्यंत ह्यांना जागं ठेवायचं ठरलं. पण सारखी मान पडत होती. मी गाल चापटत होते, पाणी मारत होते, आणि मग मलाच दिसेना झालं, डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. कोणीतरी मला खांद्याला धरून बाजूला केलं. सोनूबाई.

त्यांनी काही विचारलं नाही. ह्यांच्या पाठीशी दोन बॅगा, वळकटी लावून अर्धं बसतं केलं, स्वतः मांडी घालून बसल्या आणि हात ह्यांच्या छातीवर सपाट ठेवला. मी म्हटलं, "मावशी, गाडीत मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहीत हाय मले," म्हणाल्या. "आमचे बी असेच घोरत. रोज मी भांडू, झोपू देत नाही म्हून. त्या राती घोरता घोरता गप झाले. मले वाटलं, बरं झालं वं बाई, आज तरी शांत झोपले." त्यांनी ह्यांच्या छातीवरचा हात जरा वर सरकवला. "मी कूस बदलली आन् झोपून गेली. सकाळी चहा घेऊन उठवाले गेली तं थंडगार. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. कायचं चांगलं? बाजूले बायको असून मेला माणूस."

मी पण ते म्हटलं होतं, त्यांच्याच दारात, त्यांचा हात हातात घेऊन.

"तू झोप आता," म्हणाल्या. "मी हाय ना, ऐकून राहिली."

मी म्हटलं, नाही, मी बसते. पण अंग ऐकेना. तिथेच, त्यांच्या मांडीजवळ डोकं टेकलं. ह्यांची छाती वर आली की सोनूबाई हळूच म्हणायच्या, "घेतला." मग परत, "घेतला." कधी लांबलं की त्या हाताने दाबायच्या, गालावर टिचकी मारायच्या, आणि मग, "घेतला." ते ऐकता ऐकता मला झोप लागली. घरात मी रात्री कधी अशी झोपले नव्हते, कारण घरात ऐकणारी मी एकटीच होते.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. सूं आवाज येत होता. गाडीची बॅटरी दाराशी ठेवलेली, तिच्या शेजारी भाऊराव, गुडघा फुटलेला, चिखलाने माखलेले, बसल्या जागी झोपलेले. तंबूचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर सगळी माणसं चहाचे कप घेऊन बसली होती. सगळ्यांच्या समोर हे नाकावर मास्क लावून गाढ झोपले होते.

सोनूबाईंचा हात छातीवर तसाच होता. ओठ हलत होते.

"मावशी," मी म्हटलं, "आता मशीन चालू आहे. काळजी नाही. तुम्ही पडा जरा, रात्रभर बसलात."

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "माही झोप, आमचे गेले ना, त्याच राती झाली." आणि हात काही उचलला नाही.